सुनेचं लगमान

अंदिजान
१२ सप्टेंबर १९८६

विहीणबाई ओयजमाल यांना तुर्सुनोयचा सलाम.

आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, तुमच्याकडेही असोत. आता मुद्द्याचं लिहिते. चार पानं खुशाली विचारून पाचव्या पानावर रडायचं हा माझा स्वभाव नाही.

तुमची लेक, म्हणजे माझी सून इंतिझोर, माहेरपणाला येऊन सुखरूप पोचली असेल. इथे काय झालं ते तिने तुम्हाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर मी सांगते. सांगितलं असेल तर माझीही बाजू ऐका.

आमच्या गल्लीतल्या बायकांची महिन्याची बैठक असते, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. या वेळी पाळी माझी होती. आणि आमच्या गल्लीची रीत अशी, की ज्या घरात नवी सून आली असेल तिथे पहिल्या बैठकीला सुनेनेच सगळ्यांसमोर लगमानच्या शेवया ओढायच्या. चाकू लावायचा नाही, नुसत्या हातांनी. माझ्या सासूने मला असंच उभं केलं होतं. माझी शेवई एकदाही तुटली नव्हती. अजून जुन्या बायका त्या दिवसाचं नाव काढतात.

मी सगळी तयारी केली होती. मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून त्यात मटण परतलं. मुळा, ढोबळी मिरची, टोमॅटो, कोबी, लसणाच्या पाती सगळं हातासरशी चिरून दिलं. रस्सा असा झाला होता की वासानेच शेजारणी वेळेआधी येऊन बसल्या. तुमच्या लेकीला फक्त कणीक मळायची होती आणि ओढायची होती.

तिने कणीक उचलली, ओढली, आणि दोन हात लांब होते न होते तोच ती मधोमध गळून पाटावर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मी मनात म्हटलं, घाबरली असेल पोर. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा तुमच्या लेकीने काय करावं? उठली, चाकू घेऊन आली, कणीक लाटली, घड्या घातल्या आणि कचाकचा कापून पातेल्यात सोडली. वर सगळ्यांदेखत म्हणते, "आमच्याकडे अशाच करतात. पोटात गेल्यावर सगळं एकच."

बख्तिनिसा आमची शेजारीण. तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "तुर्सुनोय, सून शिंप्याच्या घरची आणलीस का गं? पुढच्या वेळी कात्री दे तिला."

सगळ्या हसल्या. मग माझ्याही तोंडून गेलं, "जिला शेवई ओढता येत नाही, ती संसार काय ओढणार?"

बोलले ते बोलले. नाकबूल करत नाही. दुसऱ्या दिवशी इंतिझोरने माहेरी जायची परवानगी मागितली, मी दिली. आता गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "सून कधी येणार?" माझ्या एर्किनला विचारावं तर तो दिवसभर डेपोत बसच्या इंजिनात डोकं घालून असतो आणि घरी आला की पानात डोकं घालतो. तिचा नवराच असा म्हटल्यावर बोलायचं कुणाशी?

तेव्हा एवढंच करा. पोरीला लगमान शिकवा आणि कापसाचा हंगाम संपायच्या आत परत पाठवा.

तुर्सुनोय


खिवा
२५ सप्टेंबर १९८६

तुर्सुनोयबाई,

तुमचं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं म्हणू की वाईट वाटलं म्हणू, ते अजून ठरत नाही. तुमच्यासारखी स्पष्ट बोलणारी विहीण मिळायला नशीब लागतं. आमच्याकडे लोक इतके भिडस्त, की कुणाच्या मनात काय आहे ते मयतीच्या दिवशी कळतं.

इंतिझोर पोचली, सुखरूप आहे. आल्यापासून माझ्यापाशी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोललेली नाही. तुमच्या घरचं वाईट ती कधी बोलणार नाही, तसं वळण आहे तिला. तुम्ही काय म्हणालात ते मला तुमच्याच पत्रातून कळलं. ती का आली हे तेव्हा समजलं.

चाकूबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. आमच्या खिव्यात शेवया हिरव्या असतात. शेपूच्या रसात कणीक मळतात, लाटून चाकूने कापतात, वर मटण-बटाट्याचा रस्सा, शेजारी दही. माझी आई अशाच करायची, तिची आईही. चाकूमुळे कुणाचा संसार मोडल्याचं आजवर ऐकिवात नाही. पण तुमच्या गल्लीत रीत वेगळी असेल तर शिकलं पाहिजे, हे मला मान्य. सासरचं ते खरं.

इंतिझोर मला म्हणते, "आई, तिकडचा चहा कसा फिका लागतो." मी तिला म्हटलं, "बाई, सासरचा चहा सगळ्यांनाच आधी फिका लागतो."

तर लगमानची रीत तुम्ही मला लिहून पाठवा. मला स्वतःला ओढायचं काही येत नाही, पण पत्र हातात धरून तिला बसवीन. माझा लेक सैन्यात, पार उत्तरेकडे. इंतिझोरचे वडील तर गेल्याच वर्षी गेले. घरात माझ्या बोलण्याला हूं म्हणणारं कुणी नव्हतं. मला वेळच वेळ आहे. तुम्हीही घाई करू नका. अर्धवट शिकलेली सून परत पाठवली तर शोभा पुन्हा तुमचीच होईल, आणि ते मला कसं आवडेल?

सोबत वाळवलेल्या खरबुजाची वेणी पाठवली आहे. आमच्यासारखं खरबूज तुमच्याकडे होत नाही म्हणतात.

ओयजमाल


अंदिजान
४ ऑक्टोबर १९८६

विहीणबाई,

खरबूज पोचलं. गोड होतं. माझे हे अर्ध्याहून जास्त एकटेच खाऊन बसले.

कणीक पत्रातून शिकवायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. तरी लिहिते, नाहीतर म्हणाल सासूला शिकवायचंच नव्हतं.

चांगला मैदा घ्या. वाटीभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवा. मीठ कमी करायचं नाही. मीठ नसेल तर कणकेला ताण राहत नाही, ओढली की गळते. इंतिझोरने त्या दिवशी मीठ घातलं होतं का ते मी पाहिलं नव्हतं. एवढं सांगावं लागत असेल असं वाटलं नव्हतं मला. एक अंडं फोडून घाला. मग मळा. मळा म्हणजे मळा. हात दुखायला लागले की अर्धं झालं समजा. तुमच्या कानाची पाळी चिमटीत धरून बघा, तेवढी मऊ झाली पाहिजे.

मग ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. तेवढ्यात रस्सा करा. रस्सा तरी येतो ना तिला? मग कणकेचे तुकडे करून तेलाच्या हाताने बोटाएवढ्या जाड वळ्या करा आणि परातीत तेल लावून गोल गोल गुंडाळून ठेवा. पुन्हा झाका. धीर धरा. आजकालच्या पोरींना इथेच घाई होते.

मग दोन्ही टोकं धरून ओढायची, पाटावर आपटायची, ओढायची, पुन्हा आपटायची. मनात भीती ठेवली की तुटते. ओढताना बोलायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही.

यात न कळण्यासारखं काही नाही. आमच्याकडे दहा वर्षांच्या मुली करतात.

आणि हो, मी तिला त्या दिवशी जे बोलले ते मी माझ्या सुनेला बोलले. परक्या मुलीला मी कशाला बोलेन? हे तिला सांगा.

तुर्सुनोय


खिवा
१६ ऑक्टोबर १९८६

तुर्सुनोयबाई,

तुम्ही लिहिलं तस्सं केलं. पत्र चुलीपाशी भिंतीला खिळ्याने टांगलं. मी वाचायचे आणि इंतिझोर करायची. मीठ चमचाभर, वर शीग लावून. अंडं एक. तुमच्या शब्दाबाहेर काही केलं नाही.

मळून मळून पोरीचे हात लाल झाले. कानाच्या पाळीसारखी काही होईना. मी माझी पाळी चाचपली, तिची चाचपली. शेवटी मी म्हटलं, "अंदिजानच्या लोकांचे कान मऊ असतील." तेव्हा ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा इतकी हसली.

ओढायला घेतली तर कणीक आपली आखडून मागे जाते. ओढली की मागे, ओढली की मागे. फार ओढली तर तटकन तुटते. त्यातली एक वळी उडून कोंबड्यांत पडली. कोंबडा जवळ गेला, चोच मारली आणि निघून गेला.

शेवटी चाकूने कापून आम्ही दोघींनी खाल्ली. रस्सा उत्तम झाला होता, हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही विचारलं होतंत.

आता पुढे काय करायचं ते लिहा. रोज संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करतो. तुम्ही जे बोललात ते सुनेला बोललात, हा निरोप तिला दिला. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे."

ओयजमाल


अंदिजान
२५ ऑक्टोबर १९८६

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. घरचे विचारायला लागले, कुणी गेलं का?

तुटते म्हणजे मीठच कमी पडतंय. दुसरं कारण नाही. अर्धा चमचा वाढवा. आणि अंडं बघून घ्या, तुमच्याकडच्या कोंबड्यांची अंडी लहान असतील. मळायला जास्त वेळ द्या. झाकून जास्त वेळ ठेवा. मी चाळीस वर्षं ही कणीक ओढते आहे, माझ्या हातातून कधी आखडून मागे गेली नाही. कणीक आहे की तुमच्या खिव्यातला उंट?

विहीणबाई, खरं सांगते, माझी सहनशक्ती संपत आली. बख्तिनिसा रोज सकाळी कुंपणावरून विचारते, "आली का?" काल तर म्हणाली, "माझ्या भाचीचंही असंच झालं. माहेरपणाला गेली आणि तिथूनच कोर्टाचा कागद आला." मी तिला म्हटलं, "माझी सून लगमान शिकते आहे." तर म्हणते, "इतके दिवस? लगमानच ना, की विमान चालवायला शिकते?"

आणि आमचे चिरंजीव! मी म्हटलं, "अरे, बायकोला एक पत्र टाक." तर टाकलं म्हणाला. मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणतो, "इथे थंडी पडायला लागली आहे, असं लिहिलं." ताश्कंदला दोघं दोन वर्षं एका वर्गात शिकले, तिच्यासाठी माझ्यापुढे हट्ट धरला, जेवण सोडलं, आणि आता हवामान कळवतो.

कापूस निघाला. आता शिकली असेल तेवढ्यावर पाठवा. राहिलेलं मी बघून घेईन. तुम्ही स्वतः आणून पोचवलंत तर आमची पंगत तुमची वाट बघते आहे. आमच्याकडे पहिल्या माहेरपणानंतर मुलीची आईच तिला घेऊन येते, हे तुम्हाला माहीत असेलच.

तुर्सुनोय


खिवा
७ नोव्हेंबर १९८६

तुर्सुनोयबाई,

मीठ वाढवलं. आता तर कणीक लाटण्यालाही दाद देत नाही. चाकूने कापली तर शेवया इतक्या खारट, की खाऊन रात्रभर आम्ही दोघी पाणी पीत बसलो. तरी इंतिझोर दुसऱ्या दिवशी पुन्हा मळायला बसली. पोरीची जिद्द तुमच्यासारखी आहे, बघा.

पोचवण्याचं लिहिलंत, ते मला माहीत नव्हतं. आमच्याकडे रीत उलटी आहे. पहिल्या माहेरपणानंतर सुनेला न्यायला सासू स्वतः येते. आईने आपण होऊन मुलगी नेऊन सोडली तर लोक म्हणतात, घरात जड झाली होती. मला वाटलं, तुम्ही येणारच असाल, म्हणून मी गाद्या उन्हात घालून ठेवल्या होत्या. रोज वाट पाहत होते. तुम्ही पत्रांतून मिठाचंच लिहीत राहिलात, तेव्हा मीही म्हटलं, विहीणबाईंच्या मनात न्यायचं नसेल.

तुम्हाला घाई असेल तर एर्किनला पाठवा असं मी म्हटलं असतं, पण मुलीचा मान मुलीचा असतो. गल्लीत सगळ्यांसमोर तिला बोललं गेलं. न्यायलाही कुणीतरी सगळ्यांसमोर आलं पाहिजे. हे मी तुमच्यावर राग धरून लिहीत नाही. मी काय, म्हातारी बाई. आज आहे, उद्या नाही.

तोवर ती शिकते आहे.

ओयजमाल


अंदिजान
१६ नोव्हेंबर १९८६

विहीणबाई,

एकदा लिहिलं असतंत तर काय पोस्ट खातं बंद पडलं असतं? तुम्ही माझी वाट बघणार, मी तुमची बघणार, आणि पोरगी मधल्यामध्ये कणीक आपटत बसणार.

मला विमानाची भीती वाटते, म्हणून आगगाडीने येते आहे. अर्धा देश तुडवून. अंदिजानचा तांबडा तांदूळ आणते आहे, गाद्या पुन्हा उन्हात घाला. गल्लीत मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "मी माझ्या सुनेला आणायला चालले." बख्तिनिसाला दोनदा सांगितलं.

तुर्सुनोय


अंदिजान
९ डिसेंबर १९८६

ओयजमालबाई,

आम्ही पोचलो. वाटेत इंतिझोरला सर्दी झाली होती, आता उतरली. एर्किन स्टेशनवर आला होता. बायकोला बघून म्हणाला, "थंडी फार आहे ना?" मी त्याच्या डोक्यात पिशवी घालणार होते, पण मग पाहिलं तर त्याने तिच्यासाठी घरून लोकरीची शाल आणली होती आणि ती तिला कशी द्यावी हे त्याला कळत नव्हतं. मी तोंड फिरवून हमालाशी भांडत बसले.

तुमच्या पाहुणचाराबद्दल तक्रार नाही. तुम्ही मला मानाच्या जागी बसवलंत, ताटातला चांगला तुकडा माझ्या पुढ्यात ठेवलात, विहिणीने स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही म्हणून मला उठू दिलं नाहीत. हिरव्या शेवया खाल्ल्या. वाईट नव्हत्या. याहून जास्त माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.

आता जे लिहिणार आहे ते मी तिथे बोलले नाही. तुमच्या घरात तुमचं मीठ खाऊन बोलणं बरं दिसलं नसतं. गाडीतही बोलले नाही, पोरगी समोर होती. पण पोटात ठेवून मला झोप लागत नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात चहाचा पियाला दिलात. मी एक घोट घेतला आणि मला वाटलं, साखर समजून कुणी मीठ घातलं. तुमच्याकडे बघितलं. तुम्ही फुंकर घालून मजेत पीत होतात. इंतिझोरही पीत होती. मग मी तोंड धुवायला विहिरीवर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तुमच्या विहिरीचं पाणीच खारं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे पोरगी इथे आली तेव्हा तिने तुमच्याच सवयीने बिनमिठाची कणीक मळली, आमच्या गोड्या पाण्यात, म्हणून ती गळली. आणि तिथे खाऱ्या पाण्यात मी चमचा चमचा मीठ घालायला लावलं, म्हणून ती लाकूड झाली. मी इतके दिवस तिच्या हातांना नावं ठेवत होते आणि तिच्या हातांत काहीच वाईट नव्हतं. यात माझीही शोभा झाली. पाण्याची चव कुठे कशी असते हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि मी चाळीस वर्षांच्या बढाया मारत बसले.

इथपर्यंत मी स्वतःवर चिडले होते.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तंदूर पेटवून नानची कणीक मळायला घेतलीत. मी दारातून बघत होते. सवयीने म्हटलं, "मीठ राहिलं, विहीणबाई." तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "आमच्या पाण्यात असतंच." आणि मग तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. इंतिझोर अंगण झाडत होती, तिने ऐकलं की नाही, देव जाणे.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. माझं पहिलं मिठाचं पत्र वाचलंत तेव्हाच ठाऊक होतं. भिंतीला खिळ्याने टांगलंत, रोज पोरीला बसवलंत, चमचा वर शीग लावून भरलात आणि मला लिहिलंत, "तुमच्या शब्दाबाहेर काही केलं नाही." दोन महिने माझ्या सुनेचे हात लाल केलेत. गल्लीत माझी अब्रू चव्हाट्यावर आली. मी अर्धा देश ओलांडून आले. आणि तुम्ही मला मानाच्या जागी बसवून खारट चहा पाजत होतात.

मला खूप राग आला आहे. अजून आहे. का केलंत ते लिहा.

तुर्सुनोय


खिवा
२२ डिसेंबर १९८६

तुर्सुनोयबाई,

तुमचं पत्र आलं. इकडे बर्फ पडलं नाही, पण वारा फार आहे.

तुम्ही लिहिलंत ते वाचलं. आता वय झालं, काय लक्षात राहतं आणि काय नाही. पाणी ते पाणी, ते खारं आहे हे माणूस विसरतो. तुम्ही लिहिलं चमचाभर, मी घातलं चमचाभर. विहिणीचा शब्द खाली कसा पाडायचा?

परवा मी तुमच्या रीतीने एकटीच लगमान करून बघितलं, फक्त बिनमिठाचं. इंतिझोर जाण्याआधी दोन दिवस तुम्ही अंगणात बसून तिच्या हाताला हात लावून शिकवत होतात, ते मी शेजारी बसून बघितलं होतं. कणीक कानाच्या पाळीसारखी झाली. ओढली तर ओढली गेली, एकदाही तुटली नाही. एवढी लांब शेवई झाली की मला तिचं दुसरं टोक धरायला कुणी हवं होतं. मग मी टोक दाराच्या कडीला अडकवलं. वाडगाभर झालं. मी निम्मं खाल्लं.

संध्याकाळी घरात हाक मारायची सवय लागली आहे, ती जात नाही. परवा दोनदा हाक मारली. मग लेकाला पत्र लिहायला बसले, पण त्याला काय लिहायचं, तो तिथे बर्फात उभा असतो.

इंतिझोरची सर्दी बरी झाली ना? तिला रात्री पायांत लोकरीचे मोजे घालायला सांगा, ती विसरते. तुम्ही तिला बोला, पण रात्री जेवणाआधी बोलू नका. ती मग जेवत नाही.

ओयजमाल


अंदिजान
२० फेब्रुवारी १९८७

ओयजमालबाई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. पहिल्यात शिव्या होत्या. दुसऱ्यात जरा कमी होत्या. बाकीचं विचारू नका.

मी विचारलं एक आणि तुम्ही लिहिलंत भलतंच. पण मी काही मूर्ख नाही, वाचता येतं मला.

मलाही दोन मुली आहेत. दोघी लग्न होऊन गेल्या. एक याच शहरात, नदीपलीकडे, तरी महिनामहिना तोंड दिसत नाही. धाकटी गेली तेव्हा मी तिच्या सासूला निरोप पाठवला होता की माझी पाठ धरली आहे, पोरीला आठवडाभर पाठवा. माझी पाठ कधी धरली नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला सांगितलं म्हणून मला हसू नका. पण तुम्ही चमचा भरून मीठ घालत होतात ते वाचून मला जेवढा राग आला, तेवढंच मला ते कळलंही. तुमचा रागही तुम्ही मला नीट करू देत नाही, हा दुसरा वैताग.

आता इकडचं. इंतिझोर लगमान ओढते. आणि कशी ओढते! दोन्ही हातांत वेटोळी फिरवते तेव्हा बघत राहावं. माझ्या सासूच्या हातातही असं नव्हतं. एर्किन दोन वाडगे खातो आणि एकदा तर स्वतःहून म्हणाला, "चांगलं झालंय." मी आणि ती एकमेकींकडे बघतच राहिलो.

या महिन्यात बैठक पुन्हा आमच्याकडे होती. बाकीच्या सुना गरोदर नाहीतर आजारी, म्हणून पाळी लवकर आली. इंतिझोरने सकाळपासून कणीक मळून ठेवली होती. तिला सगळ्यांसमोर ओढून दाखवायची होती. तिचा तो हक्कच होता. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि म्हटलं, "आज तू ओढायचं नाहीस."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "का, आई? माझं काही चुकलं?"

मी तिला कारण सांगितलं. ती पाटावर बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "रडायचं तर इथेच रड. बाहेर गेल्यावर तोंड पाडून बस, म्हणजे खरं वाटेल."

मग मी कणीक उचलून बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर स्वतः ओढली. बख्तिनिसा म्हणाली, "सुनेला अजून येत नाही का गं? तीन महिने माहेरी शिकून?"

मी म्हटलं, "नाही बाई. पालथ्या घड्यावर पाणी. माझे हात टेकले."

ती इतकी खूश झाली की तिने दोनदा वाढून घेतलं. पुढे सगळ्या गल्लीला सांगत फिरली. माझ्या सासूने मला उभं केल्यापासून या गल्लीत माझ्या घरच्या लगमानला कुणी बोट लावलं नव्हतं. आता रोज लावतात. सुनेला शिकवता आलं नाही म्हणून माझं नाव निघतं. मी ऐकून घेते, आणि घरात येऊन भांडी आपटते.

पण आता गल्लीत कुणी विचारणार नाही, की तुर्सुनोयची सून दर वर्षी वसंतात आणि खरबुजाच्या दिवसांत महिना महिना माहेरी कशाला जाते. मी सांगून ठेवलं आहे, तिला लगमान येत नाही, आईकडे शिकायला जाते.

नवरोजच्या आदल्या आठवड्यात ती येते आहे. न्यायला मी येणार नाही, पाठीत खरंच दुखतं आता. एर्किन येईल. आणि कृपा करून, तिथे तिने लगमान केलं तर दार लावून खा, आणि कुणाला सांगू नका की चांगलं झालं होतं.

तुर्सुनोय